कायमचा पत्ता: मौजा ऐनलोज, रिठी

संपादकांचं पत्र आलं: ‘चंद्रपूरच्या जंगलात आपण इतकी वर्षं पटवारी होता, दिवाळी अंकासाठी एखादा अनुभव पाठवा. वाघाचा असल्यास उत्तम.’ वाघ मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा तो घाईत होता आणि मी त्याच्याहून जास्त घाईत होतो, त्यामुळे आमचा परिचय वाढला नाही. त्याऐवजी मी एका प्रोफेसरांबद्दल लिहितो. ते वाघापेक्षा दुर्मिळ होते. आमच्या तालुक्यात तसा प्राणी एकदाच आला.

तालुक्याचं नाव सांगत नाही. धानोऱ्याच्या बाजूला कुठेतरी, एवढं पुरे. मी जे केलं त्याची फाईल अजून कुठल्यातरी कपाटात असेल, आणि सरकारी कपाटाला विस्मरण नसतं.

आधी धंद्याविषयी. तुमच्या पुण्याकडे ज्याला तलाठी म्हणतात तोच आमच्याकडे पटवारी. आठ-दहा गावांचा हलका त्याच्याकडे असतो. कुठलं शेत कोणाचं, त्यात काय पेरलं, बांध कुठे संपतो, विहीर कोणाच्या वाट्याची, सीमेचा दगड जागेवर आहे की शेजाऱ्यानं रात्रीतून दोन हात सरकवला, हे सगळं त्यानं पायानं फिरून पाहायचं आणि नकाशात नि वहीत उतरवायचं. हे कागद ज्या लाल कापडात बांधलेले असतात त्याला बस्ता म्हणतात. गावकरी पटवाऱ्याला चहा देतात तो प्रेमानं नाही. त्याच्या पेन्सिलीला भितात म्हणून देतात. मी तरुण होतो, मला हे माहीत होतं, आणि मी चहा पीत होतो.

आता रिठी. हा शब्द कळला नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्या भागात गावं उठतात. पटकी येते, पाणी आटतं, वाघ माणसं उचलायला लागतो, किंवा देव कोपला असं पुजारी सांगतो. मग लोक भांडीकुंडी उचलतात आणि दोन कोसांवर नवं गाव बसवतात. जुन्या गावाचं काय होतं? जंगलाच्या दृष्टीनं ते संपतं. सरकारच्या दृष्टीनं नाही. गावाला एकदा नंबर मिळाला की ते दफ्तरात राहतं, फक्त नावापुढे ‘रिठी’ लागतं. म्हणजे गाव आहे, माणसं नाहीत. दरवर्षी पटवाऱ्यानं तिथे जायचं आणि लिहायचं: वस्ती नाही, विहीर एक, बुजलेली, चिंचेची झाडं तीन, सीमेचे दगड जागेवर.

माझ्या हलक्यात येरमटोला ही अशी रिठी होती. माझा कोतवाल गोमाजी तिथलाच, म्हणजे त्याचे आईबाप तिथून उठलेले. कोतवाल म्हणजे पोलीस नव्हे, गावोगाव सरकारी निरोप पोचवणारा आणि पटवाऱ्याची मोजणीची साखळी ओढणारा माणूस. वय पन्नाशीचं, अंगठाबहाद्दर, आणि माझ्या बस्त्यातल्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त शेतं तोंडपाठ असलेला. पहिल्या वर्षी मी त्या रिठीतून सरळ चालत निघालो तर त्यानं मला दंडाला धरून थांबवलं.

“तिथून नका जाऊ जी. ते सोमाजीची पडवी व्हती.”

“गोमाजी, इथे तर नुसतं गवत आहे.”

“गवत आज हाय. तुमी लोकाच्या घरातून जोडे घालून जाता का?”

मी वळसा घातला. सरकारनं मला जे शिकवलं नव्हतं ते असं वळशावळशानं शिकलो.

एका दिवाळीनंतर, धानाची कापणी संपत आली असताना, गोमाजी धापा टाकत आला.

“बाबूजी, बंगल्यात एक काबुली येऊन राह्यला. हिंगवाला असन. पण पेटीत हिंग नाई, नुसते कागदच कागद!”

हे आमचे प्रोफेसर जमील. काबुली नव्हेत, पॅलेस्टाईनचे. वय पंचेचाळिशीचं, उंच, जाड चष्मा, कोटाच्या दोन्ही खिशांत पेन्सिली. बगदादच्या एका कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवायचे, आणि अरबीत कादंबऱ्या लिहायचे. तीन छापून झाल्या होत्या. वर्षभरासाठी नागपूरला व्याख्यानं द्यायला आले होते. वर्ष संपत आलं, चौथी कादंबरी संपेना. कोणीतरी सांगितलं, जंगलात सरकारी बंगला आहे, तिथे शांतता आहे. ते दोन महिन्यांची परवानगी घेऊन आले. मी मॅट्रिकला इंग्रजीत पहिला आलो होतो, हे दुर्दैवानं कचेरीत सर्वांना माहीत होतं. त्यामुळे ‘परदेशी इसमाची व्यवस्था’ हे खातं माझ्या गळ्यात पडलं. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. त्यांचं सुंदर, माझं शूर. इथे ते मराठीत देतो आहे.

“ही जागा का निवडली?” मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“नागपुरात प्रत्येक जण मला विचारतो, तुमच्या देशाचं पुढे काय होणार,” ते म्हणाले. “इथे कोणीच विचारत नाही.”

“इथे आम्हाला आमच्याच राज्याचं काय होणार ते माहीत नाही,” मी म्हणालो. आणि ते खरं होतं. नुकताच आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. मी बैठकीवरून उठलोही नव्हतो आणि राज्य बदललं. प्रोफेसर हे ऐकून इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

त्यांची कादंबरी त्यांच्या गावावर होती. ऐनलोज. त्यांच्या भाषेत बदामाचा झरा. डोंगराच्या कुशीतलं, साठेक घरांचं गाव. अठ्ठेचाळीस सालच्या लढाईत लोक निघाले, आठ दिवसांत परत येऊ म्हणून किल्ल्या कमरेला लावून निघाले, आणि परत जाऊ दिलं गेलं नाही. घरं पाडली गेली. प्रोफेसर तेव्हा शहरात शिकवत होते. “म्हणजे मला गाव शेवटचं नीट पाहताही आलं नाही,” ते म्हणाले. “आता पुस्तकात बांधतो आहे.”

ते बांधकाम मी तपासलं! विचारलं कोणी? कोणीच नाही. पण ते रोज दुपारी व्हरांड्यात बसून मला त्या दिवशी लिहिलेलं इंग्रजीत सांगायचे, आणि मी पडलो पटवारी. चौथ्या दिवशी मी म्हणालो, “प्रोफेसरसाहेब, तुमची विहीर चालते का?”

“म्हणजे?”

“सोमवारी ती मशिदीच्या पूर्वेला होती. आज बायका पाणी भरून येतात तेव्हा सूर्य त्यांच्या पाठीवर आहे, संध्याकाळ आहे आणि त्या मशिदीकडे चालल्या आहेत. म्हणजे विहीर पश्चिमेला गेली. मधल्या दिवसांत ती मशीद ओलांडून पलीकडे गेली कधी?”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या तीन कादंबऱ्यांवर बगदादपासून बैरूतपर्यंत लोकांनी लिहिलं होतं, पण विहिरीची चौकशी कोणी केली नव्हती. मग ते म्हणाले, “तुम्ही नकाशा काढाल?”

अशी ती गंमत सुरू झाली. मी जाड कागद आणला, पेन्सिलीला टोक केलं, आणि रीतसर जबानी घ्यायला लागलो. रस्ता किती रुंद? दोन लादलेली गाढवं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागेल इतका. ठीक. गावाची शीव कशानं दाखवता? निवडुंगाच्या कुंपणानं. उत्तम! निवडुंग चोरून सरकवता येत नाही. ते ऑलिव्हच्या झाडांविषयी इतकं बोलत की मी शेवटी ‘बाग, जुनी’ लिहून पुढे जात असे. कापणी आटोपल्यामुळे गोमाजीला काम कमी. तो पायरीवर बसून ऐकायचा. मी त्याच्यासाठी मधेमधे मराठी करायचो.

“बाप्पा, दगडाचे घर!” तो म्हणायचा. “मंग पडलं कसं गा?” आणि मग स्वतःच, “दगड का करन, माणूसच नाई तर.”

पंधरा दिवसांत ऐनलोज कागदावर उभं राहिलं. घरांना मी नंबर दिले. आणि मग मला ते भोक दिसलं.

गावाच्या वरच्या अंगाला, प्रोफेसरांच्या घराशेजारी, जागा मोकळी होती. नंबर नाही, नाव नाही.

“इथे काय?”

“काही नाही. मोकळी जागा.”

“मग वाट का वळते?”

मी बोट ठेवलं. “साहेब, झऱ्याकडून येणारी वाट इथपर्यंत सरळ आहे. इथे ती डावीकडे वळते, आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ होते. वाटा मोजणं हाच माझा धंदा. वाट आळशी असते, ती उगीच वळत नाही. इथे काहीतरी उभं होतं.”

ते उठून आत गेले. दार लावून घेतलं. गोमाजी हळूच म्हणाला, “तुमी बी ना बाबूजी. ज्याचं घर पडलं त्याले काऊन टोचून राह्यले?”

त्याचं बरोबर होतं. मला माझ्या हुशारीचा इतका आनंद झाला होता की पुढे माणूस बसला आहे हे मी विसरलो होतो. हा आनंद पटवाऱ्यांना फार होतो. मला अजून होतो.

इकडे दोन महिने संपत आले. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहायचं बाकी. मुदत वाढली नाही तर प्रोफेसरांना आठ दिवसांत नागपूर आणि तिथून देश सोडावा लागणार होता. बगदादला पोचलं की कॉलेज, पेपर, मुलं. “तिथे हे पुस्तक मी पुन्हा हातात धरणार नाही,” ते म्हणाले. “मी स्वतःला ओळखतो. तीन वर्षं शेवटच्या प्रकरणाशी येऊन परत फिरतो आहे.”

मुदतवाढीचा फॉर्म नायब तहसीलदारांकडे होता. आमचे नायबसाहेब सज्जन. त्यांना जगात एकाच गोष्टीची भीती वाटे: कोरा रकाना. त्यांनी मला बोलावलं.

“हे काय? ‘कायमचा पत्ता’ कोरा! आणि ह्याच्या कागदांत लिहिलंय की हा इसम ज्या देशानं कागद दिला त्या देशाचा नाही. मग कोणत्या देशाचा, ते लिहिलेलं नाही!”

“गावाचं नाव आहे साहेब. ऐनलोज.”

“मग ते लिहा.”

“गाव उठलेलं आहे. आता तिथे कोणी नाही.”

“मग लिहू नका.”

“पण रकाना…”

नायबसाहेबांनी कपाळाला हात लावला. आणि त्याच वेळी, वाचकहो, माझ्या डोक्यात ते आलं. मी अगदी गरीब चेहरा करून म्हणालो, “साहेब, तसं गाव रिठीच म्हणायचं.”

“रिठी?” नायबसाहेबांचा चेहरा उजळला. “मग आधी सांगायचं! रिठी म्हणजे गाव आहेच की. लिहा: मौजा ऐनलोज, रिठी.”

लिहिलं. सही झाली, शिक्का बसला, कागद वर गेला. प्रोफेसरांना मी सगळं समजावलं तेव्हा त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला. “आमच्या भाषेत ह्यासाठी शब्द नाही,” ते म्हणाले. “आम्ही रडतो. तुम्ही नोंद करता.”

सहाव्या दिवशी वरच्या कचेरीतून उत्तर आलं. तिथल्या कुठल्याशा कारकुनानं कर्तव्यदक्षतेनं आमच्या रिठी गावांची यादी काढून पाहिली होती, आणि तिच्यात ऐनलोज नव्हतं. तो खरा धंद्यातला माणूस! गाव परदेशातलं असेल ही शंका त्याला शिवलीच नाही. त्याला वाटलं, आम्ही एक गाव यादीत घालायचं विसरलो. पत्रात लिहिलं होतं: ‘सदर रिठीची प्रत्यक्ष पाहणी पटवाऱ्यानं केली आहे काय? केली असल्यास नकाशा व पंचनामा पाठवावा. नसल्यास नोंद रद्द समजून सदर इसमाची मुदतवाढ नामंजूर करावी.’

नायबसाहेब घामाघूम. “लिहा, चूक झाली म्हणून. तुम्हाला ठपका, मला ठपका, संपलं.”

“आणि प्रोफेसर?”

“ते काय, आज ना उद्या जाणारच होते.”

मी बंगल्यावर गेलो. नामंजूर झाली तर परवा निघावं लागेल, हे मी सांगितलं. प्रोफेसर पेटी भरू लागले. कागद त्यांनी एकावर एक रचले, आणि मला पहिल्यांदाच विनोद सुचेना. गोमाजी पायरीवरून म्हणाला, “बाबूजी, पंच लागतेत ना पंचनाम्याले? एक मी.”

“अरे, तू ते गाव पाहिलंस का?”

“दोन महिने झाले पाहून राह्यलो जी! तुमी नाई पाह्यलं? मशिदीपासून इहीर, इहिरीपासून तेलाचा घाणा, तिथून वाट वर जाते, साहेबाच्या घराजोळ वळते. मले डोये बांधून नेलं तरी चुकत नाई.” त्यानं प्रोफेसरांकडे बोट केलं. “पण एक घर यायनं सांगितलं नाई. तेवढं लिवल्याबिगर मी अंगठा नाई देत. भोकाच्या कागदावर अंगठा देऊन उद्या कोनी मलेच पकडन.”

मी हे इंग्रजीत सांगितलं. सौम्य करून सांगावं असं वाटलं होतं, पण तसंच्या तसं सांगितलं. प्रोफेसर पेटीवर बसले.

“हाजी सालेम,” ते म्हणाले. “तिथे हाजी सालेमचं घर होतं.”

आणि मग ती हकीकत आली, जी मी आमच्या तालुक्यात शंभर वेळा ऐकली होती. दोन घरांमधली एक भिंत. हात-दीड हात जागा. बापाचं आणि हाजीचं अकरा वर्षं कोर्टात चाललेलं भांडण. शेवटी साक्षीला मुलगा उभा राहिला, शहरात शिकलेला, कोट घातलेला. “मी शपथेवर सांगितलं की भिंत आमची. मला ठाऊक होतं की ती त्यांची आहे. लहानपणी हाजीला ती बांधताना मी पाहिलं होतं, दगड हातात दिले होते. न्यायाधीशानं विश्वास ठेवला, कारण मी प्रोफेसर होतो. तीन वर्षांनी भिंतही नव्हती, घरंही नव्हती. गाव सोडताना माझ्या आजीला चालता येत नव्हतं. तिला हाजीनं आपल्या गाढवावर बसवून सीमेपार नेलं. आणि पुढे तो कुठे गेला, कोणालाच माहीत नाही.”

गोमाजीला मी सगळं मराठीत सांगितलं. “मंग त्या माणसाले गावाबाहेर काऊन ठेवलं जी?” तो म्हणाला. “त्यानं तं तुमच्या बुढीले नेलं.”

मी बस्ता सोडला. पंचनाम्याचा कागद काढला आणि सरकारी आवाजात सुरुवात केली, कारण दुसऱ्या आवाजात मला ते जमलं नसतं. मौजा ऐनलोज, रिठी. प्रत्यक्ष पाहणी: केली. वस्ती: नाही. विहीर: एक. शीव: निवडुंग. घरांचे नंबर एकापासून. आणि मोकळ्या जागेशी आल्यावर मी विचारलं, “मालकाचं नाव?”

“हाजी सालेम.”

“मधली भिंत कोणाची?”

नोकरीत मी हजारो लोकांना हा प्रश्न विचारला. एवढं थांबून कोणी उत्तर दिलं नाही.

“त्यांची,” प्रोफेसर म्हणाले. “हाजी सालेमची. लिहा.”

मी लिहिलं. त्यांनी माहिती देणार म्हणून सही केली. गोमाजीनं अंगठा दिला, दुसरा पंच म्हणून बंगल्याच्या खानसाम्यानं दिला. त्यालाही सगळं गाव पाठ झालं होतं.

आता नायबसाहेबांचं काय करायचं? मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि आकाश कोसळायची वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी पंचनामा वाचला. पुन्हा वाचला. भिंतीपाशी थांबले.

“ह्या भिंतीबद्दल वाद होता?”

“अकरा वर्षं, साहेब.”

“आणि आता एक पक्ष कबूल करतो आहे. मग दुसऱ्या पक्षाला नोटीस नको? फळ्यावर तीस दिवस लावायला हवी, कोणाची हरकत असेल तर यावं म्हणून.” त्यांनी माझ्याकडे न बघता दौतीत टाक बुडवला. “आणि प्रकरण चालू असेपर्यंत माहिती देणाऱ्या इसमाला तालुका सोडता येत नाही. तसं वर कळवा.”

मी आजवर अनेक साहेब पाहिले. त्या माणसाला मी दोन महिने मूर्ख समजत होतो, याची मला लाज वाटते. ही लाज मी त्यांना कधी सांगितली नाही. ते आता नाहीत.

नोटीस लागली. मराठीत मी लिहिली, खाली प्रोफेसरांनी अरबीत. आमच्या कचेरीच्या फळ्यावर, गुरांच्या लिलावाच्या आणि मोहाच्या ठेक्याच्या नोटिशींमध्ये. बाजाराच्या दिवशी लोक तिच्यापुढे जमायचे आणि ते उजवीकडून लिहिलेलं अक्षर पाहून हात जोडायचे. प्रोफेसर सकाळी लिहायचे, दुपारी कचेरीत यायचे, फळ्यापुढे उभे राहायचे, आणि परत जायचे. सव्विसाव्या दिवशी त्यांनी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण संपवलं. पेटी भरली, दोर आवळला. नागपूरला नेणारी मोटर ठरली.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता नायबसाहेबांनी सर्वांसमक्ष नोटीस काढली आणि मागे शेरा मारला: ‘मुदतीत हरकत घेण्यास कोणीही हजर झाले नाही.’ मी तो प्रोफेसरांना इंग्रजीत वाचून दाखवला. म्हटलं, साहेब, अभिनंदन, तुम्ही मोकळे झालात, उद्याच निघा.

त्यांनी तो कागद हातात घेतला, उलटला आणि हाजी सालेमच्या नावावर बोट ठेवलं. मग नायबसाहेबांकडे वळून त्यांनी विचारलं, आणि ते मी भाषांतर करण्याआधीच नायबसाहेबांना कळलं:

“आणखी तीस दिवस लावता येईल का?”